जयवंतबुवांची कवळी

लालबाग,
रविवार, २ मार्च २०२५

दादा,

तुझे कागद मिळाले. इंग्रजीतले, जागोजागी पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेले, 'इथे सही कर' म्हणून बाण दाखवणारे. मी सही केलेली नाही. पुढचं पत्र वाचण्याआधीच हे सांगून टाकलेलं बरं, म्हणजे तुझा रक्तदाब काय वाढायचा तो एकदाच वाढेल.

आता पहिली गोष्ट, मी मराठीत का लिहितेय. कारण टोरांटोच्या तुझ्या घरात हे वाचू शकणारा तू एकटा आहेस. मी कागदावर लिहून फोटो पाठवणार, ग्रेस तो उघडून फोन तुझ्यासमोर धरणार आणि विचारणार, डॅड, आत्या काय म्हणते? मग तिला काय सांगायचं ते तू ठरव. फक्त 'मराठी विसरलो' असं मला सांगू नकोस. सातवीत निबंधात तू पहिला आला होतास. परांजपेबाईंनी तो निबंध सगळ्या वर्गांत फिरून वाचून दाखवला होता आणि प्रत्येक वर्गात 'हू आडनावाच्या मुलानं लिहिलाय हा' असं दटावलं होतं. पोरं आठवडाभर तुझ्यावर खार खाऊन होती.

तुझं म्हणणं मला कळलंय. बाबांची आणि आईची हाडं इथून काढायची, टोरांटोला न्यायची आणि तिथे तू घेतलेल्या जागेत पुन्हा पुरायची. आपल्या लोकांत हाडं हलवायची रीत आहे, हे मला तू शिकवायची गरज नाही. आजोबांची चीनला न्यायची होती, ती राहूनच गेली. पण तू हे रीतीसाठी करत नाहीयेस. खरं कारण तू शेवटच्या ओळीत लिहिलंयस, की ज्या शहरात जन्मले त्याच शहरानं बाबांना शेवटपर्यंत पाहुणाच मानलं, आणि मेल्यावर तरी माणसानं पाहुणा म्हणून पडून राहू नये.

ही ओळ मी बरेचदा वाचली. राग आला आणि रडूही आलं. मी सहासष्ट वर्षांची बाई, एका खोलीत एकटी राहते, भांडायला समोर कुणी नसलं की असं होतं.

तुला ४ एप्रिलच्या आत सही हवी आहे, कारण त्या दिवशी आपला छिंगमिंग, कबरी झाडायचा दिवस. त्याआधी ३० मार्चला पाडवा आहे. संगीत मंडळाची पाडव्याची पहाटेची गाण्याची बैठक करोनापासून बंद पडली होती, ती यंदा पुन्हा सुरू होतेय. गिरगावचा हॉल पाडला, आता दादरला आहे. जयवंतबुवांची मुलगी पद्मजा गाणार आहे. मी तिकीट काढलंय.

तर माझं उत्तर असं. मी त्या बैठकीला जाऊन येते. जुनी माणसं बहुतेक गेली, नवीन लोक मला ओळखत नाहीत, म्हणजे परीक्षा अगदी चोख होईल. तिथे मला जर कुणी पाहुणी ठरवलं, तर घरी येऊन तुझ्या सगळ्या पिवळ्या चिठ्ठ्यांवर सह्या करीन. शब्द देते. आणि हू डॉक्टरांची पोर दिलेला शब्द पाळते, हे लालबागमध्ये कुणालाही विचार.

तुझी,
लिली


लालबाग,
१६ मार्च २०२५

दादा,

ग्रेसकडून तुझा निरोप आला. एवढ्या मोठ्या पत्राला एकच ओळ: 'तिला विचार, त्रेसष्टचा पाडवा आठवतो का?'

नाही आठवत. मी चार वर्षांची होते आणि बाबांच्या मांडीवर झोपले होते. पण तू तो मला इतक्या वेळा सांगितलायस की मला तो आठवतोच म्हणायला हरकत नाही. तू दहा वर्षांचा. चीनशी लढाई होऊन थोडेच महिने झालेले. बाबांना दर आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी लावायला लागायची, ते माझगावला जन्मले होते तरी. दवाखान्याच्या पाटीवर कुणीतरी डांबर फासलं होतं. शेजारच्या धोंडू मिस्त्रींनी ते खरवडून वर स्वतःच्या हातानं नवीन अक्षरं काढली, 'हू, दातांचे डॉक्टर, लालबाग'. जुन्या पाटीवरचा 'चायनीज' हा शब्द त्यांनी गाळला आणि त्याजागी 'लालबाग' घातलं, ते त्यांनी कुणाला विचारून केलं नव्हतं. हे तू कधी सांगत नाहीस, म्हणून मी सांगतेय.

तू सांगतोस ते हे. पहाटेच्या ट्रामनं आपण गिरगावला गेलो. बाबांनी तिसऱ्या रांगेत सतरंजीवर आपला रुमाल अंथरला, कारण त्यांची पॅन्ट पांढरी होती. तंबोरे जुळत होते, बुवा अजून यायचे होते. काळ्या टोपीतला एक माणूस आला आणि म्हणाला, चिन्यांनी इथे बसायचं नाही. आजूबाजूला सगळे ओळखीचे. निम्म्या लोकांच्या दाढा बाबांनी काढलेल्या. कुणी तोंड उघडलं नाही. बाबांनी रुमाल झटकला, घडी केली, मला खांद्यावर टाकलं आणि त्या माणसाला नमस्कार करून बाहेर पडले.

तुझ्या मनात सलतो तो हा नमस्कार. 'ज्यानं उठवलं त्याला हात जोडले,' असं तू म्हणायचास आणि तुझ्या हाताच्या मुठी व्हायच्या. पुढच्या पाडव्याला बुवा स्वतः टॅक्सी घेऊन लालबागला आले आणि बाबांना हाताला धरून घेऊन गेले. मी गेले. तू गेला नाहीस. 'बोलावलं की निघाले' म्हणालास. त्यानंतर बाबांशी तू मराठीत बोलला नाहीस, नंतर नंतर बोललाच नाहीस आणि पुढे विमानात बसलास.

बाबा असे होते, दादा. पण ते लाचार नव्हते. मी त्यांच्याबरोबर त्याच दवाखान्यात मागच्या खोलीत बसून आयुष्यभर कवळ्या केल्या, मला माहीत आहे. बुवांची गोष्ट तू विसरला असशील तर पुन्हा ऐक. बुवांचे सगळे दात गेले होते. गिरगावातल्या एका मोठ्या डॉक्टरनं करून दिलेली कवळी तानेत वाजायची, आणि 'सा' म्हटला की शिट्टी निघायची. बुवांनी गाणं सोडलं होतं. कुणीतरी त्यांना लालबागला पाठवलं. बाबा गाण्यातलं अक्षर जाणत नव्हते. त्यांनी मेणात दात लावले, बुवांच्या तोंडात बसवले आणि म्हणाले, गा. बुवा गायचे, बाबा ऐकायचे. 'सा' ला शिट्टी आली की पुढचे दात केसभर पुढे. 'ध' अडखळला की थोडे आत. असं दिवसच्या दिवस चाललं. बाहेर गिरणीकामगार गाल धरून बसलेले असायचे आणि आतून भूप ऐकू यायचा. दुखणं विसरून एकेक जण भिंतीला कान लावायचा. त्या खुर्चीत बाबांना गाणं लागलं. ते काही कुणी बोलावलं म्हणून ऐकलेलं गाणं नाही, ते त्यांनी स्वतःच्या हातांनी मेणात घडवलं होतं.

असो. फोनवर निळ्या खुणा उमटतात म्हणजे तू वाचतोस. एवढं मला पुरे.

लिली


लालबाग,
३० मार्च २०२५, पाडवा

दादा,

आज जे झालं ते सगळं लिहिते. घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर ग्रेसला फोटो मोठा करायला सांग.

माझ्याबरोबर काशीबाई आल्या. शेजारच्या खोलीत राहतात, लालबागच्या बाजारात मासे विकतात, माहेर शिवडीच्या कोळीवाड्यातलं. तू गेल्यावर आमची गट्टी जमली. त्यांनी कधी अशी बैठक पाहिली नव्हती. 'तुज्या गान्यान काय असतं ता मना बगू दे' म्हणून हट्टानं आल्या. हिरवं लुगडं, गळ्यात एवढं सोनं आणि अंबाड्यावर वेणी. दादरच्या त्या हॉलमध्ये सगळ्या बायका फिक्या रंगांच्या साड्यांत होत्या, मोजकं बोलणाऱ्या, हलकं हसणाऱ्या. आम्ही दोघी दारातून आत आलो तेव्हा सगळ्या माना वळल्या. काशीबाई कानात म्हणाल्या, 'तुला बगतान का मना?' मी म्हटलं, दोघींना. 'मग बगू दे,' म्हणाल्या आणि पदर सावरून पुढे झाल्या.

आम्ही सतरंजीवर मागे बसलो. पद्मजाताईंनी ललत सुरू केला. आता सत्तरी ओलांडलीय, पण काय आवाज लागला होता! मी डोळे मिटले आणि बाबा शेजारी आहेत असं धरून चालले, नेहमी करते तसं.

आलापी ऐन रंगात असताना कुणीतरी खांद्याला हात लावला. मंडळाची मुलगी, नाव आरोही, गळ्यात बिल्ला. कुजबुजत म्हणाली, 'मॅम, प्लीज कम. सोफा. मोअर कम्फर्टेबल.' तुला बाबांचा नियम माहीत आहे, गाणं चालू असताना तोंड उघडायचं ते फक्त 'वा' म्हणायला. मी गप्प राहिले. उठले नसते, पण माझ्या गुडघ्यांनी सोफ्याच्या बाजूनं मत दिलं. पहिल्या रांगेच्याही पुढे, प्रमुख पाहुण्यांचा तो रिकामा सोफा, त्यावर मला नेऊन बसवलं. मुलगी वाकून म्हणाली, 'फ्रॉम जपान?' मी हातानं 'नंतर' अशी खूण केली. तिला ती 'हो' वाटली असणार.

ललत संपला. टाळ्या. मग मंडळाचे नवे कार्यवाह उन्मेष माइकवर आले. झब्बा, उपरणं, चेहऱ्यावर उत्साह नुसता ओसंडून वाहत होता. म्हणाले, 'आपले आजचे प्रमुख पाहुणे पुण्याहून येताना घाटात अडकले आहेत. पण योगायोग बघा! आज आपल्यामध्ये एक परदेशी पाहुण्या आहेत. साक्षात जपानहून! आपलं संगीत सातासमुद्रापार पोचलं आहे याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?' आणि आरोही तबक घेऊन आली. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल. पाहुण्यांसाठी आणलेलं सगळं तयार होतं आणि आता ते कुणाच्या तरी खांद्यावर पडायलाच हवं होतं. आपल्याकडे सत्काराची शाल परत पेटीत जात नाही, हे तुला आठवत असेल.

हॉलभर टाळ्या. एका आजींनी तर डोळ्यांना पदर लावला. सगळे माझ्याकडे इतक्या प्रेमानं बघत होते, दादा. त्रेसष्टला निदान कुणीतरी वाईट वागलं होतं. आज सगळे चांगलेच वागत होते.

मी सोफ्यावर बसून राहिले.  पाहुणी. परदेशी पाहुणी. बरोबर तोच शब्द, तुझ्या शेवटच्या ओळीतला, आणि वर माइकवरून. मनात म्हटलं, संपलं. दादा जिंकला. घरी जायचं आणि सह्या करायच्या. इतकं एकटं मला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. बाजारात चार गाळ्यांपलीकडे पोचणारा आवाज तो.

'अवो, जपानची काय बोलताव? लालबागची हाय ती! आमचे हू डाक्टरची लिली!'

काशीबाई सतरंजीवर उभ्या राहिल्या होत्या, कमरेवर हात ठेवून. 'माजी खालची दाढ तिच्या बापानी काडलेली. बगायची हाय?' आणि त्यांनी खरंच तोंड उघडून बोट घातलं.

हॉलमध्ये कुणीतरी फुस्सकन हसलं. उन्मेष लालबुंद झाले. 'सॉरी... म्हणजे मॅडम, तुम्हाला मराठी...?' 

मग मी उठले. कुठून बळ आलं माहीत नाही, पण गुडघेसुद्धा दुखले नाहीत. माइक घेतला. म्हटलं, 'नमस्कार. मी लिली हू. जन्म लालबागचा, शाळा लालबागची. ही शाल पाहुण्यांची आहे आणि मी पाहुणी नाही, म्हणून ती घेता येणार नाही. माझ्याकडे तिकीट आहे.' पर्समधून तिकीट काढून दाखवलं. लोक हसले, मीही हसले. मग म्हटलं, 'लहानपणापासून पाडव्याला याच बैठकीला येते. ही बैठक ज्यांच्या नावानं चालते त्या जयवंतबुवांचे दात माझ्या वडिलांनी केले होते.'

मी बसणार होते. पण पद्मजाताईंनी तंबोरा खाली ठेवला.

'लिली?' त्या म्हणाल्या. 'तू इतक्या जवळ बसलीयस आणि या दिव्यांमुळे मला दिसत नाही! थांब, बसू नकोस.' मग श्रोत्यांकडे वळून म्हणाल्या, 'माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मला एक शपथ घातली होती. डॉक्टरांना हे कळलं तर त्यांना ओशाळं होईल, म्हणून हयातभर बोलू नकोस म्हणाले होते. आता अण्णा नाहीत आणि डॉक्टरही नाहीत. आज बोलते.'

दादा, आता नीट वाच. त्रेसष्टचा पाडवा. आपण बाहेर पडलो आणि तू म्हणतोस ते तिथे संपतं. ते तिथे संपलं नव्हतं.

पद्मजाताई नऊ वर्षांच्या होत्या, तंबोऱ्यावर बसल्या होत्या. बुवा मंचावर आले आणि तिसऱ्या रांगेत बघू लागले. त्यांची रीत होती, आधी बाबांकडे बघायचं. बाबा मान डोलवायचे, म्हणजे कवळी नीट बसलीय, आणि मग बुवा 'सा' लावायचे. रांगेत बाबा दिसेनात. बुवांनी विचारलं, 'डॉक्टर कुठायत?'  कुणीतरी म्हणालं, त्यांना जायला सांगितलं.  बुवांनी तोंडात हात घातला, वरची कवळी काढली, खालची काढली, उपरण्याला पुसली आणि समोर पानाच्या तबकात ठेवून दिली. सगळ्यांच्या देखत! एवढा नावाजलेला गवई, गाल आत गेलेले, एकदम म्हातारा झालेला. ते काहीतरी बोलले, पण दात नसल्यामुळे कुणाला कळेना. पुन्हा बोलले. मग मागून नऊ वर्षांच्या पद्मजानं मोठ्यांदा सांगितलं, 'अण्णा म्हणतायत, ज्यांनी मला दात दिले त्यांना तुम्ही उठवलंत. तर दातांचं गाणं आज तुम्हाला मिळणार नाही.'

पाडव्याला न गाता उठायचं नाही, असं बुवांचं व्रत होतं. म्हणून ते गायले. कवळी तबकात आणि बुवा ललत गायले, पुरा. चीज नाही, बोल नाहीत, सरगम नाही, कारण दातांशिवाय शब्द उमटणारच नव्हते, 'आ' तेवढा उमटणार होता. नुसत्या आकारात. पद्मजाताई म्हणाल्या, 'तसा ललत मी पुन्हा ऐकला नाही. लोक खाली माना घालून ऐकत होते. गाणं संपल्यावर कुणाला टाळी वाजवायचा धीर झाला नाही, आणि लाजेनं पुढेही कुणी हे बोललं नाही. अण्णांनी कवळी उचलली, घातली, त्याच हातांनी नमस्कार केला आणि घरी आले. पुढच्या वर्षी गाण्याला होकार दिला तो एका अटीवर, डॉक्टरांना आणायला मी स्वतः जाणार.'

'बोलावलं की निघाले' म्हणालास ना तू? ते बोलावणं असं होतं, दादा.

मी तिथेच रडले, माइक हातात धरून. सगळा हॉल बघत होता आणि मला लाज वाटली नाही. मला बाबांचा इतका अभिमान वाटला, आणि बुवांचा, आणि काशीबाईंच्या त्या दाढेचासुद्धा!

मग पद्मजाताई म्हणाल्या, 'लिली, डॉक्टरांची जागा तिसऱ्या रांगेत होती. जा, तिथे बस. ते बसलेले बघितल्याशिवाय आमच्या घरात गाणं सुरू होत नाही.' तिसऱ्या रांगेतली माणसं सरकली. मी पर्समधून रुमाल काढून अंथरला. साडी पांढरी नव्हती, तरी अंथरला. काशीबाईंना हाक मारून शेजारी घेतलं. पद्मजाताई माझ्याकडे बघत राहिल्या. मला आधी कळेना का, मग कळलं. मी मान डोलावली. आणि त्यांनी तोडीचा 'सा' लावला.

निघताना उन्मेष शाल घेऊन दारात उभे होते. बिचाऱ्यांचा चेहरा पडलेला होता. म्हणाले, 'मावशी, मी खूप मोठी चूक केली. ही डॉक्टरांसाठी घ्याल का?' मी म्हटलं, डॉक्टरांसाठी घेते. आणि पुढच्या वर्षी घाटाचा भरवसा धरू नका, प्रमुख पाहुणे दादरचेच बघा.

आता झोपते. तुझ्या कागदांचं छिंगमिंगनंतर.

लिली


लालबाग,
४ एप्रिल २०२५

दादा,

आज सकाळी दफनभूमीत जाऊन आले. काशीबाईही आल्या. त्यांनी पहाटे उठून बोंबील तळले होते, कुरकुरीत, बाबांना आवडायचे तसे. मी संत्री आणि उदबत्त्या नेल्या. दोन्ही कबरी झाडल्या, पुसल्या, अक्षरांत लाल रंग भरला. आईचं नाव अजून स्पष्ट आहे, बाबांचं थोडं झिजलंय.

मग बाबांच्या दगडावर शाल घातली. बरोबर बसली.

आणि त्यांना सगळं सांगितलं. जे त्यांना कधी कळू नये म्हणून बुवांनी लहान मुलीला शपथ घातली, ते. आधी आपल्या भाषेत सांगायला लागले, पण त्या भाषेत मला कवळीला काय म्हणतात तेच आठवेना. मग मराठीत सांगितलं. 'बाबा' दोन्हीकडे सारखंच, त्यामुळे हाक मारायला अडचण आली नाही. काशीबाई मध्ये मध्ये भर घालत होत्या, आणि त्यांनी सांगितलेल्या गोष्टीत काळ्या टोपीवाल्याला बुवांनी उपरण्यानं बडवलंदेखील. मी दुरुस्ती केली नाही.

दादा, मी सही करणार नाही. शब्द दिला होता, आणि तू म्हणशील, मला पाहुणी ठरवलंच होतं. ठरवलं होतं, खरं आहे. चूक झाली. पण त्याच हॉलमध्ये, त्याच सकाळी, ती चूक दुरुस्तही झाली, आणि तीही अशी की हू डॉक्टर कोण हे आता त्या हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत आहे. ज्या माणसासाठी एका गवयानं भर बैठकीत आपले दात काढून ठेवले, तो माणूस या शहरात पाहुणा नव्हता. तो इथेच राहील. आईही त्यांच्याजवळ राहील.

तुला पटणार नाही. रागावशील, आणि मला ते चालेल. इतकी वर्षं तू गप्प होतास त्यापेक्षा राग पुष्कळ बरा.

हे पत्र ज्या कागदांवर लिहिलंय ते फोटोत आरपार दिसणाऱ्या इंग्रजी छपाईवरून तू ओळखले असशील. मागची बाजू कोरी होती, वाया का घालवायची? पिवळ्या चिठ्ठ्या मात्र काढून काशीबाईंच्या नातवाला दिल्या. त्याला त्या फार आवडल्या.

लिली


लालबाग,
१३ एप्रिल २०२५

दादा,

तुझा आवाज ऐकला. ग्रेसनं रेकॉर्ड करून पाठवलेला. आधी खूप वेळ नुसता श्वास ऐकू आला, मला वाटलं फोन बिघडला. मग तू बोललास. मराठीत. अडखळत, शब्द शोधत, पण अगदी लालबागचं मराठी, जसंच्या तसं ठेवलेलं. मी ते काशीबाईंना ऐकवलं. म्हणाल्या, 'अगो, यो तर आमच्यातलाच हाय.'

तू एकच विचारलंस, 'बुवा गात होते, तेव्हा आपण कुठे होतो?'

मी हिशेब केला. बाबा पायी निघाले नसणार, मी खांद्यावर झोपलेली होते. म्हणजे आपण ट्राममध्ये होतो. पहिलीच ट्राम परतीची, रिकामी असणार. बाबांच्या खिशात घडी केलेला रुमाल. तू खिडकीकडे तोंड करून बसला असशील, कारण तुला त्यांच्याकडे बघायचं नव्हतं. आणि मागे गिरगावात बुवा आपल्यासाठी गात होते. तू मागे वळून बघितलं नाहीस, बघून काही ऐकूही आलं नसतं. यात तुझा काही दोष नाही. तू दहा वर्षांचा होतास.

पण दादा, तू त्या ट्राममधून अजून उतरलेला नाहीस. टोरांटोपर्यंत त्याच ट्राममध्ये बसून गेलास. ट्रामा बंद होऊन जमाना झाला.

पद्मजाताईंचा फोन आला होता. पुढच्या पाडव्याला त्या ललत गाणार, अण्णांसारखा, नुसत्या आकारात. पण समोर मान डोलावणारं कुणी हवं, म्हणाल्या. मी म्हटलं, हू डॉक्टरांचा थोरला मुलगा येतोय.

आता उतर. तिसऱ्या रांगेत ये. रुमाल मी आणते.

तुझी,
लिली